रणगाड्याची शिवण

नगरच्या रणगाडा संग्रहालयातून मुले बाहेर पडली की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: असा रणगाडा घरी आणता येईल का? आणता येतो. डब्यातून सुटे भाग येतात आणि ते जोडून वीतभर लांबीचा रणगाडा तयार होतो. अडचण जोडण्यातच आहे. सुट्टीनंतर वर्गात दाखवायला आणलेले जे रणगाडे आम्ही पाहतो, त्यातल्या बहुतेकांवर डिंकाचे ओघळ असतात, बोटांचे ठसे उमटलेले असतात आणि तोफेच्या नळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फट दिसत असते. मुलाने मेहनत केलेली असते, पैसे ईदीचे असतात आणि घरच्यांनी तोंडावर सांगितलेले असते की, "वाया घालवलेस." म्हणून हा लेख मुलांपेक्षा अम्मी-अब्बूंसाठी जास्त आहे.

आधी संग्रहालयाविषयी थोडे. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने ते फेब्रुवारी 1994 मध्ये नगरला उभारले. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी बोलताना सगळे नगरच म्हणतात, आम्हीही इथे तेच म्हणतो. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट गाडीवर चिलखत चढवून केलेले जुने वाहन तिथे आहे. मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन हे इंग्रजी रणगाडे आहेत, आपला विजयंता आहे आणि 1965 च्या लढाईत आपल्या हाती लागलेला पॅटनही आहे. आमची मुले पॅटनपाशी सर्वात जास्त वेळ थांबतात आणि त्याचे कारण त्यांना पाठ असते. 4 ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी सप्टेंबर 1965 मध्ये खेमकरणच्या भागात, असल उत्तरच्या लढाईत, जीपवर बसवलेल्या 106 मिलिमीटरच्या तोफेने हेच पॅटन उडवले आणि 10 सप्टेंबरला ते शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पुस्तकातला धडा आणि समोर उभे असलेले काही टन लोखंड यांची गाठ मुलाच्या मनात पडते, आणि मग किट हवे असा हट्ट सुरू होतो.

काही माता विचारतात, मुलाच्या हातात रणगाडाच कशाला द्यायचा? प्रश्न रास्त आहे. किटच्या दुनियेत विमाने, जहाजे, मोटारी, सगळे आहे. एअरफिक्स या प्रसिद्ध इंग्रजी कंपनीचे पहिले किट तर 1949 सालचा फर्ग्युसन ट्रॅक्टर होता. आमच्या जिल्ह्यातल्या मुलाला ट्रॅक्टरही तितकाच जवळचा. खाली सांगितलेली जोडणीची रीत ट्रॅक्टरला, जहाजाला आणि रणगाड्याला सारखीच लागू आहे. रणगाड्याच्या किटमध्ये बहुधा सैनिकांच्या छोट्या आकृतीही येतात. काही घरांत त्या जोडत नाहीत, बाजूला ठेवून देतात. त्यांच्यावाचून रणगाड्याचे काही अडत नाही.

आता मूळ गोष्ट. किटचे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. थर्मोकोल हे त्याच प्लास्टिकचे फुगवलेले रूप, सीडीचा कडक पारदर्शक डबा हे न फुगवलेले. या प्लास्टिकची एक खोड आहे. काही द्रवांनी ते विरघळते. घरात एक छोटा प्रयोग करून पाहा. संत्र्याची साल थर्मोकोलच्या तुकड्यावर दाबून पिळा. सालीतून उडालेल्या तेलाच्या थेंबांनी थर्मोकोलवर बारीक खड्डे पडतात. किटसाठी मिळणारे प्लास्टिक सिमेंट हेच काम करते. बांधकामाच्या सिमेंटशी त्याचा संबंध नाही. ते पाण्यासारखे पातळ असते, दोन्ही भागांच्या कडा क्षणभर मऊ करते, मऊ झालेले प्लास्टिक एकमेकांत मिसळते, द्रव उडून जातो आणि दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. हे वेल्डिंग झाले, चिकटवणे नव्हे. कागदाला कागद चिकटवताना मध्ये डिंकाचा थर राहतो. इथे मध्ये काहीच राहत नाही.

एवढे समजले की डिंक जास्त का लावायचा नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. जास्त सिमेंट म्हणजे जास्त विरघळलेले प्लास्टिक. फेविकॉल सांडला तर ओल्या फडक्याने पुसता येतो. सिमेंट सांडले तर जिथे सांडले तिथला पृष्ठभागच गेला. ओले असताना फडक्याने पुसले तर मऊ झालेले प्लास्टिक फासले जाते, वर फडक्याचे धागेही त्यात अडकतात. थेंब पडलाच तर हात लावू नये. तो आपोआप उडून जाऊ द्यावा, दुसऱ्या दिवशी जो डाग राहील तो घासून काढावा. मुलांना हे एक वाक्य पाळणे सर्वात कठीण जाते, मोठ्यांना तर त्याहून. मेहंदी काढणाऱ्या मुलींना मात्र ते सांगावे लागत नाही. ओल्या मेहंदीला बोट लागले की काय होते हे त्यांनी पाहिलेले असते, आणि कोनातून किती दाबाने किती बारीक रेघ येते हेही त्यांच्या हाताला माहीत असते. नववीतल्या एका मुलीने आपल्या सातवीतल्या भावाचा बिघडलेला पॅटन कसा सावरला ते आम्ही पाहिले आहे. त्याने ट्यूबमधला जाड सिमेंट सरळ सांध्यावर पिळला होता, वरून दोन्ही अर्धे दाबले होते, आणि बाहेर आलेला ओघळ शर्टाच्या बाहीने पुसला होता. तिने आधी त्याला चार दिवस तो रणगाडा हातात घेऊ दिला नाही. मग ब्लेडची कड आडवी धरून ओघळ खरवडले, वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासले आणि जिथे खड्डे राहिले तिथे भरण केले. प्रदर्शनात तो रणगाडा ठेवला तेव्हा कुठे काय झाले होते ते आम्हांला शोधावे लागले.

पण सावरण्याची वेळ येऊ नये म्हणून काम कसे करावे?

डबा उघडल्यावर सुटे भाग प्लास्टिकच्याच एका चौकटीला लागलेले दिसतात. चौकटीसकट सगळे कोमट पाण्यात, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून, हलक्या ब्रशने धुवावे आणि वाऱ्यावर सुकवावे. कारखान्यात साच्यातून भाग सुटून यावेत म्हणून तेलकट पदार्थ वापरतात. त्याचा अंश राहिला तर सांधा आणि रंग दोन्ही नीट बसत नाहीत. भाग हाताने पिरगाळून तोडू नयेत. पिरगाळले की कडेचा लचका निघतो आणि तो खड्डा पुढे सांध्यातच येतो. नेलकटरने किंवा इलेक्ट्रिशियनच्या छोट्या कटरने चौकटीपासून थोडे अंतर ठेवून कापावे, उरलेला बोंडासारखा भाग दुसऱ्यांदा कापावा आणि शेवटचे नखभर वॉटर पेपरने घासावे. वॉटर पेपर रंगाच्या दुकानात मिळतो. 400 नंबरचा खरखरीत, 600 मधला, 1000 बारीक. या तीनवर घरचे काम भागते. सगळे भाग एकदम कापून वाटीत टाकू नयेत. क्रमांक चौकटीवर लिहिलेले असतात, भागावर नसतात, त्यामुळे वाटीत गेलेला भाग ओळखता येत नाही. बारीक भाग फरशीवर पडला तर तो धाकट्या भावंडाच्या तोंडात जाण्याची भीती वेगळीच. खाली चादर अंथरून बसले तर बरे.

यानंतरची पायरी बहुतेक मुले गाळतात आणि सगळा बिघाड तिथे होतो. डिंक न लावता भाग जोडून पाहायचे. अब्दुल हमीद यांचे वडील शिवणकाम करत आणि लहानपणी तेही त्या कामात हात लावत. शिलाईच्या घरात वाढलेल्या कुणालाही ही पायरी कळेल: मशीनवर घेण्याआधी कच्चा टाका घालून कपडा अंगावर पाहतात. तसेच इथे. दोन्ही अर्धे बोटांनी धरून उजेडासमोर न्यावेत. फटीतून उजेड दिसला तर आतमध्ये काहीतरी आडवे येते आहे; बहुतेक वेळा ती खुंटी असते जी समोरच्या भोकात पूर्ण जात नाही. खुंटी थोडी घासावी. पुन्हा पाहावे. फट जाईपर्यंत सिमेंटची बाटली उघडायची नाही. एका रणगाड्यातल्या मोठ्या सांध्यांना यात एक पूर्ण दुपार गेली तरी ती फुकट गेली असे समजू नये.

मग जोडणी. पातळ सिमेंटच्या बाटलीच्या झाकणालाच बारीक ब्रश असतो. टामिया या जपानी कंपनीची हिरव्या झाकणाची बाटली भारतातही छंदाच्या सामानाच्या दुकानांतून आणि ऑनलाइन मिळते, इतर कंपन्यांचीही मिळते. ब्रश बाटलीच्या तोंडावर निथळून घ्यावा. दोन्ही भाग आधी जुळवून, हलके दाबून धरावेत आणि ब्रशचे टोक फटीला फक्त टेकवावे. रंगवल्यासारखा ब्रश फिरवायचा नाही. दिव्याच्या वातीत तेल जसे आपोआप चढते तसा द्रव फटीतून स्वतःच धावतो. बोटभर अंतरावर पुन्हा टेकवावे. शक्य असेल तिथे आतल्या बाजूने टेकवावे, म्हणजे बाहेरच्या पृष्ठभागाला तो लागतच नाही. रणगाड्याचे धड आतून पोकळ असते, त्यामुळे ही सोय बहुतेक ठिकाणी मिळते.

इथे एक सापळा आहे. द्रव फटीत धावतो तसाच तो फटीवर ठेवलेल्या बोटाखालीही धावतो. सांध्यावर बोट असेल तर प्लास्टिकवर अंगठ्याचा ठसा कायमचा उमटतो, आधार कार्डाच्या वेळी घेतात तसा. बोटे सांध्यापासून दूर धरावीत. सांधा बांधून ठेवायला चिकटपट्टी लावली असेल तर तिच्याखालीही द्रव शिरतो. म्हणून पट्टी सांध्यावरून आडवी जात असेल तिथे सिमेंट टेकवू नये. पट्ट्यांच्या मधल्या जागेत टेकवावे. पट्टी साधी सेलोटेप नको, रंगारी वापरतात ती मास्किंग टेप घ्यावी, ती डाग न ठेवता निघते. गोल भागांना रबर, सपाट भागांना कपड्यांचे चिमटे.

दाबण्याचेही एक गणित आहे. सिमेंट लावून अर्धा मिनिट थांबावे आणि मग दोन्ही भाग किंचित दाबावेत. सांध्याच्या पूर्ण लांबीवर विरघळलेल्या प्लास्टिकची केसासारखी बारीक कड वर यायला हवी. ती दिसली की समजावे, फट आतून भरली. ती कड तशीच सोडून द्यायची. लहान भाग तासाभरात हाताळण्याजोगा होतो, पण घासण्याआधी सांध्याला किमान एक दिवस द्यावा, धड आणि तोफेच्या नळीसारख्या लांब सांध्यांना दोन. आतले प्लास्टिक मऊ असताना घासले तर तेव्हा सारखे दिसते, पण मऊ भाग नंतर सुकून आकसतो आणि आठवड्याने त्या जागी चर पडतो. पूर्ण सुकल्यावर ब्लेडच्या कडेने कड खरवडून, 400, 600, 1000 असे वॉटर पेपर पाण्यासह फिरवले की बोट फिरवूनही सांधा लागत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात ठरवूनच टाकले आहे: असरनंतर उजेड असेपर्यंत कापणे आणि घासणे, जोडणी करून बांधून ठेवली की पुढच्या दिवसापर्यंत डबा कपाटावर. मुलाचा अभ्यासही होतो, रणगाडाही सुकतो.

कोणता सांधा पुसून टाकायचा आणि कोणता ठेवायचा, हे मात्र पुन्हा संग्रहालयात जाऊनच कळते. खऱ्या रणगाड्यावरही जोड असतात. व्हॅलेंटाइनच्या चिलखतावर रिव्हेटची डोकी मोजता येतात. सेंच्युरियनच्या धडावर वेल्डिंगच्या जाड रेघा दिसतात. किटवर त्या उठवलेल्या असतील तर घासताना जपायच्या. पॅटनचा एम 48 हा प्रकार मात्र वेगळा. त्याचे धड आणि वरचा फिरता घुमट, ज्याला टरेट म्हणतात, दोन्ही पोलादाचे ओतीव. म्हणून तो कासवाच्या पाठीसारखा गोल दिसतो. किटमध्ये घुमट वर-खाली अशा दोन तुकड्यांत येतो आणि त्या दोन तुकड्यांमधली रेघ खऱ्या रणगाड्यावर नाही. ती राहिली तर जाणकार माणूस तेवढीच पाहतो. तोफेच्या नळीचेही तेच. किटमध्ये ती उभी चिरलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी दोन अर्ध्यांत येते. खरी नळी अखंड असते.

ओतीव पोलाद गुळगुळीत नसते, जरा खरबरीत असते. किट करणारे ते कसे आणतात हे कळल्यावर आम्हांला गंमत वाटली. सांधा घासून साफ झाला की घुमटावर पातळ सिमेंटचा हलका हात देतात आणि पृष्ठभाग मऊ झाला की आखूड केसांच्या जुन्या ब्रशने टपटप ठोकतात. जे प्लास्टिक विरघळण्याची इतका वेळ भीती होती तेच इथे मुद्दाम विरघळवतात. पहिल्या किटवर हे करू नये, आधी उरलेल्या चौकटीवर हात बसवावा.

ओतकामाची गोष्ट निघाली आहे तर नगरच्या मुलांना हेही सांगावे. विजापूरच्या तटावरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ नगरची आहे. बुरहान निजामशहाच्या काळात, 1549 मध्ये, मुहम्मद बिन हसन रूमी यांनी ती इथे ओतली. तिचे वजन सुमारे 55 टन. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यावरून विजापूरला गेली. सिंहाच्या जबड्यासारखे तिचे तोंड पाहायला लोक आजही विजापूरला जातात, आणि ती कुठे ओतली हे नगरच्याच पुष्कळांना ठाऊक नसते.

आता फेवीक्विक. किट घेतले आणि सिमेंट घेतले नाही तर घरातला फेवीक्विक पुढे येतो, कारण तो कोपऱ्यावरच्या दुकानात दहा-पाच रुपयांत मिळतो. तो प्लास्टिक विरघळवत नाही, दोन भागांच्या मध्ये बसून घट्ट होतो. हवेतला आणि कातडीवरचा ओलावा त्याला पुरतो, म्हणून बोटे सर्वात आधी चिकटतात. सांधा जुळवायला तो वेळ देत नाही. वाकडे बसले तर वाकडेच राहते. शिवाय तो ठिसूळ असतो, पडल्यावर सांधा कडकन सुटतो. धातूचे किंवा रेझिनचे भाग असतील तिथे तो लागतो, एरवी लांब ठेवावा. पारदर्शक भागांवर तर मुळीच नको. त्याच्या वाफेने काचेसारख्या भागावर पांढरी भुरी चढते. रणगाड्याच्या दिव्यांच्या काचा, विमानाची खिडकी, मोटारीची काच यांना आपला पांढरा फेविकॉल चांगला. टूथपिकच्या टोकावर घेऊन लावला की सुकल्यावर तो पारदर्शक होतो, आणि चुकले तर पाण्याने पुसून पुन्हा बसवता येते. त्याची पकड सिमेंटइतकी नाही, पण दिव्याच्या काचेवर जोर येतोच कुठे?

नेलपॉलिश काढायचे पाणी सिमेंट म्हणून वापरावे का, असे मुली विचारतात. त्यात बहुधा ॲसिटोन असते आणि ॲसिटोनने हे प्लास्टिक मऊ होते हे खरे. पण ते फार भराभर उडते, सांधा कच्चा राहतो आणि पृष्ठभागावर बारीक तडे जातात. नको. मात्र हाताला चिकटलेला फेवीक्विक काढायला ते उपयोगी पडते. कोमट साबणपाण्यात बोटे बुडवून ठेवावीत, हळूहळू चोळावे, कडेने ॲसिटोनचा बोळा फिरवावा. ओढून काढू नये, कातडी निघते. वुजूच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे, कारण सुकलेल्या थराखाली पाणी पोहोचत नाही; नेलपॉलिशचा जो मसला तोच इथे. मुलांना सवय लावावी की अजान होण्याच्या बेताला डिंकाचे काम हातात घ्यायचे नाही आणि हातमोजे घालूनच फेवीक्विक उघडायचा. इतके करूनही थर निघत नसेल आणि कातडीला इजा होत असेल, तर आपल्या मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

फेवीक्विक सुती कापडावर सांडला तर कापड तापते, चटका बसण्याइतके. कुर्त्याच्या बाह्या वर करून बसावे. डोळ्यात गेला तर पापण्या ओढून उघडण्याचा प्रयत्न करू नये, पाण्याने धूत राहावे आणि लगेच दवाखान्यात न्यावे.

सिमेंटच्या वाफेबद्दल शिक्षक म्हणून आम्हांला जरा खडे बोलायचे आहे. या द्रवांचा वास डोक्यात चढतो. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्यूशन हुंगण्याची चटक शाळकरी मुलांना लागते हे शिक्षकांना नवीन नाही, आणि आमचे मोहल्ले त्याला अपवाद नाहीत. मूल हौसेने किट करते म्हणून बाटली त्याच्या दप्तरात किंवा उशाशी राहू देऊ नये. सिमेंटची बाटली घरातल्या मोठ्या माणसाकडे असावी, मागितली की द्यावी, काम झाले की घट्ट बंद करून परत घ्यावी. यात मुलावर संशय घेण्यासारखे काही नाही. औषधाची बाटली आपण अशीच ठेवतो. दहा वर्षांखालच्या मुलाने भाग कापावेत, घासावेत, जुळवावेत, पण सिमेंट मोठ्यांनी टेकवावे. खिडकी उघडी हवी. पंखा थेट बाटलीवर नको, नाहीतर ब्रशवरचा द्रव फटीपर्यंत पोहोचण्याआधीच उडतो. घरात दम्याचा रुग्ण असेल तर काम गच्चीवर किंवा ओट्यावर करावे. लिंबू-संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनपासून केलेले सिमेंटही मिळते. ते जरा हळू सुकते पण वास तितका उग्र नसतो. अशा घरात तेच घ्यावे.

आणि हे द्रव पेट घेतात. गॅसची शेगडी, मच्छरची कॉइल, अगरबत्ती, जुमेरातच्या संध्याकाळी फिरवला जाणारा लोबान, यांपैकी काहीही त्या खोलीत चालू असेल तर बाटली उघडू नये.

रंगाबद्दल एकच गोष्ट, कारण तिचा संबंध सांध्याशी आहे. रंग दिलेल्या कडेवर सिमेंट धरत नाही. ते रंगात अडकते, प्लास्टिकपर्यंत जात नाही. उत्साही मुले चौकटीवरच सगळे भाग रंगवून घेतात आणि मग काहीच चिकटत नाही म्हणून डिंक वाढवत जातात. आधी जोडावे, घासावे, मग रंगवावे. एखादा आतला भाग आधी रंगवणे भागच असेल तर जोडायच्या कडांवरचा रंग ब्लेडने खरवडून प्लास्टिक उघडे करावे. रणगाड्याच्या चाकांवरचे पट्टे बऱ्याच किटमध्ये मऊ रबरासारख्या विनाइलचे असतात. त्यांना हे सिमेंट बहुधा लागत नाही. पट्ट्याच्या टोकावरच्या खुंट्या भोकांत घालून, बाहेर आलेले डोके गॅसवर तापवलेल्या स्क्रू ड्रायव्हरने दाबून चपटे करतात. हे मोठ्या माणसाने करावे, आणि सिमेंटची बाटली बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवल्यावर. कसे करायचे ते किटच्या सूचनापत्रावर चित्राने दाखवलेले असते.

चांगल्या परदेशी किटला दोन-तीन हजार रुपये सहज पडतात, म्हणून पहिला हात त्यावर बसवू नये असे आमचे मत आहे. घरात मुशायऱ्याच्या, नातांच्या, सिनेमाच्या जुन्या सीड्या पडलेल्या असतात. त्यांचे कडक पारदर्शक डबे पॉलिस्टायरीनचेच. एका डब्याचे झाकण कटरने रेघ मारून, टेबलाच्या कडेवर मोडून दोन तुकडे करावेत. कापताना हाताला लागू नये म्हणून हे काम मोठ्यांनी करावे. कडा घासून जुळवाव्यात आणि सिमेंट टेकवून पाहावे. प्लास्टिक पारदर्शक असल्याने द्रव फटीतून कसा धावतो, कुठे थांबतो, किती जास्त झाला, सगळे डोळ्यांना दिसते. आठ-दहा सांधे असे केले की ब्रश किती निथळायचा ते हाताला कळते. आम्ही शाळेतल्या मुलांना हेच करायला लावतो. पहिल्या दिवशी कुणाचाच सांधा धड येत नाही आणि त्याचे कुणाला वाईटही वाटत नाही, डबा तर फुकटचाच.

रणगाडा पूर्ण झाल्यावर मोकळ्या चौकटी उरतात. त्या कचऱ्यात टाकू नयेत. त्यांचे तांदळाएवढे तुकडे करून एका छोट्या काचेच्या बाटलीत घालावेत, वर पातळ सिमेंट ओतावे आणि झाकण लावून रात्रभर ठेवावे. सकाळी मधासारखे दाट भरण तयार होते, किटच्याच रंगाचे आणि किटच्याच प्लास्टिकचे. फट राहिली असेल तिथे टूथपिकने ते भरावे. सुकायला तीन-चार दिवस लागतात, नंतर ते बाजूच्या भागासारखेच घासले जाते. घट्ट झाले तर सिमेंटचे चार थेंब, पातळ झाले तर चौकटीचे दोन तुकडे. बाटलीवर नाव लिहून ती सिमेंटच्या बाटलीशेजारी, मोठ्यांच्या कपाटात ठेवावी. पुढच्या किटला ती लागते.